अप्पांच्या हातची फळी

मी रोज होटगीहून सकाळच्या गाडीनं सोलापुरात उतरतो आणि शुक्रवार पेठेतून चालत कचेरी गाठतो. महिन्यापूर्वी त्या वाटेवर दगडी पेढी नावाच्या जुन्या इमारतीतल्या पाचही दुकानांच्या फळ्या लागलेल्या दिसल्या. कुणाला विचारायची गरजच नव्हती. पायरीवर पेढीचे थोरले मालक सिद्रामप्पा, म्हणजे अप्पा, यांचे धाकटे भाऊ बसण्णा एकटेच बसले होते. "पहाटे गेला, साहेब. झोपेतच," एवढंच म्हणाले आणि माझ्यासाठी पायरीवर थोडे सरकले.

त्या पेढीला शटर नाही. पाचही दुकानांपुढून उंबऱ्याच्या दगडात एकच लांब खोबण जाते, तशीच वरच्या तुळईत. पुरुषभर उंचीच्या सागवानी फळ्या अप्पांच्या लुगड्यांच्या दुकानापाशी खोबणीत घालायच्या आणि सरकवत पार पलीकडच्या भांडीवाल्यापर्यंत न्यायच्या. शेवटची फळी अप्पांच्या दारात, कुलूपही तिलाच. म्हणजे सकाळी अप्पांनी ती काढल्याशिवाय बाकीच्या चौघांपैकी कुणालाही दुकान उघडता येत नसे. त्यांच्या आजोबांनी ही सोय मुद्दाम केली होती म्हणे, शेजारी एकमेकांना रोज दोनदा भेटावेत म्हणून. खरं-खोटं शंकर जाणे. भेटत मात्र होते, आणि भांडतही होते.

अप्पांची न् माझी ओळख झाली ती माझ्या चुकीपायी. सहा-सात वर्षांपूर्वी मी इमारतींची पाहणी करणारा नवा ओव्हरसियर होतो, डिप्लोमाची शाई ओली होती आणि अंगात मस्ती भरपूर. पेढी पाडून तिथं सिमेंटची दुमजली इमारत बांधावी, असं बसण्णांच्या मनात होतं. वाटणीत निम्मी पेढी त्यांची. इमारत धोक्याची आहे, असा अर्ज त्यांनी केला आणि पाहणीला मला धाडलं. खांब सरळ आहेत का ते बघायला मी दर्शनी खांबांना ओळंब्याचा दोरा लावला. एकूण एक खांब वरच्या बाजूला चार बोटं आत कललेला! मी तिथंच उभ्या उभ्या लिहून टाकलं : इमारत कललेली आहे, उतरवून घ्यावी. पंधरा दिवसांत नोटीस भिंतीवर चिकटली.

दुसऱ्या दिवशी अप्पा कचेरीत आले. ठेंगणे, अंगानं भरलेले. उंची वाढावी म्हणूनच ते एवढा मोठा पटका बांधतात, अशी मी पुढं त्यांची थट्टा करत असे. मला वाटलं, हा माणूस आता हातापाया पडणार किंवा कुणाची चिठ्ठी काढणार. ते म्हणाले, "साहेब, दुपारी एकला आमी दुकान बंद करतो. उन्हाळा हाय. येकदा फळ्या लावायला या की."

गेलो. "बर्री, बर्री, या की," म्हणत त्यांनी माझ्या हातात सरळ एक फळीच दिली. लई जड. मी कशीबशी ती खोबणीत उभी केली. "आता हात काढा," अप्पा म्हणाले. मी घाबरत काढला. फळी जागची हलली नाही. वरच्या तुळईला मागं पाठ टेकून ती निवांत उभी राहिली. खांब मुळातच आत झुकते बसवले होते. फळी सरकवताना रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर पडू नये, म्हणून. मग मी निमूटपणे मागच्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत दोऱ्यासारखी सरळ होती; इमारत कललेली नव्हतीच.

अप्पांनी पुढची फळी खोबणीत घातली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि पहिल्याच मोठ्या पाहणीत आपण चुकलो, असं आपल्याच सहीनं लिहून द्यायचं होतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं. वरिष्ठांनी यथेच्छ झापलं, नोटीस मागं घेतली आणि नोकरीही राहिली. पण अप्पांनी पेठेत भलतंच पसरवलं, साहेबांनी पेढी वाचवली म्हणून. मला लाज वाटायची. एकदा मी न राहवून म्हणालो, "अप्पा, चूक माझी होती हे तरी सांगा लोकांना."

"व्हय, चूक तुमची. दुरुस्तीबी तुमचीच," ते म्हणाले. "मी निस्ती फळी दिली हातात."

बसण्णा वर्षभर भावाशी बोलले नाहीत. तरी रोज सकाळी शेवटची फळी निघेपर्यंत त्यांना अप्पांच्या दारात उभं राहावंच लागे, कारण त्यांचं दुकान तिसरं. अप्पा त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवत आणि दुसरीकडं बघत. सहा महिने कप तसाच परत जाई. मग एके दिवशी रिकामा गेला. अप्पांनी ही बातमी मला अशा थाटात सांगितली, जणू घरात नातू जन्मला होता. त्यांच्या शेवटच्या वर्षांत दोघे भाऊ एकाच बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवत. अप्पा समाधानात गेले, हे मी खात्रीनं सांगतो.

दिवसकार्य झाल्यावर पेढी उघडायची ठरली, तेव्हा मीही मुद्दाम लवकर गेलो. बसण्णा धरून चौघे दुकानदार जमले होते. किल्ली बसण्णांच्या हातात. माझ्या मनात शंका होती. पेढी पाडण्यापासून आता यांना अडवणारं कोण होतं? त्यांनी कुलूप काढलं, फळीला हात घातला आणि तसेच थांबले. अप्पांच्या हातानं चाळीस वर्षं धरून धरून फळीच्या कडेला एक खोलगट खूण झाली आहे. पकड बसते ती तिथंच. इतर कुठंही धरली तर फळी हटत नाही. आणि ती खूण अप्पांच्या उंचीला, म्हणजे बरीच खाली.

बसण्णा चांगले उंच आहेत. ते वाकले, फळी अलगद निघाली. "नव्या इमारतीत असं वाकावं लागणार नाही," मी हळूच म्हणालो.

"ऱ्हाऊ दे की," फळी भिंतीला टेकवत ते म्हणाले. "आता सवय करतो."

मी रोज सकाळी तिथून जातो. बसण्णा वाकलेले दिसतात.