नळीच्या तोंडापर्यंत लाकूड

उबेद होडेकरच्या हातून आयुष्यात एकच काम असं झालं, ज्याची झाडून सगळ्यांनी वाहवा केली, आणि ज्याचं नुसतं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरायचं. ते काम म्हणजे शिकारीची एक बंदूक.

आता उबेद काही बंदुका करणारा नव्हे. साधा सुतार माणूस, जयगडच्या खाडीकाठचा. बाप होड्या बांधायचा, आजा होड्या बांधायचा, म्हणून आडनावच होडेकर. बापाचा एक कायदा होता. नवी होडी पाण्यात उतरवली की पहिला तो स्वतः आत बसायचा. गळली तर बांधणारा आधी भिजला पाहिजे, मग बाकीचे. उबेदने हे लहानपणी शंभरदा पाहिलेलं. पंचविसाव्या वर्षी तो बहारीनला आला, सलमाबादच्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि दारं, कपाटं, मजलिसचे म्हणजे बैठकीच्या खोलीतले कोच करता करता चाळिशी ओलांडून गेला. होडी काही पुन्हा बांधायला मिळाली नाही.

१९९४च्या नोव्हेंबरात वर्कशॉपचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, एक लांबट पेटी घेऊन आला. पेटीत बंदुकीचं सगळं लोखंड होतं: नळी, चाप, घोडा. परवान्याचे कागदही होते. सोबत तुर्कस्तानाहून आणलेली अक्रोडाची एक जाड फळी. अरबाब दरवर्षी ऑक्टोबरात युरोपात कुठेतरी हरणाच्या शिकारीला जायचा. तिथल्या यजमानाच्या घरी त्याने एक बंदूक पाहिली होती, तिचा फोटो त्याने उबेदच्या हातात ठेवला. नेहमीच्या बंदुकीचं लाकूड अर्ध्या नळीपर्यंत येऊन थांबतं. या फोटोतल्या बंदुकीला मात्र दस्त्यापासून थेट नळीच्या तोंडापर्यंत लाकूड होतं. बाकीच्या बंदुका चड्डीतल्या, आणि ही पायघोळ झग्यातली.

"उबेद, ऐसा बनाओ. लकडी एकही है. गलती मफी," अरबाब म्हणाला. मफी म्हणजे नाही, तिथल्या हिंदीत मिसळलेली अरबी.

उबेदने चार महिने घेतले. लाकडात नळी बसेल अशी लांबच लांब पन्हळ कोरायची, हे त्यातलं खरं काम. नळीला काजळ फासायचं, लाकडात दाबायची, उचलायची, जिथे काळा डाग पडेल तिथे पटाशीने केसभर खरवडायचं, पुन्हा काजळ. समोरच्या कोल्डस्टोअरमधल्या, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातल्या, काजळाच्या डब्या त्यानेच संपवल्या. वर्कशॉपचा स्टोअरकीपर मुनाफ, म्हसळ्याचा, उबेदचा खोलीतला जोडीदार, त्याला विचारायचा, "अरे, बंदूक बनवतोस की नवरी?"

आणि मार्चमध्ये बंदूक तयार झाली तेव्हा ती होतीही नवरीसारखीच. जवसाच्या तेलाचे नऊ हात दिलेले, आतल्या रेषा वाहत्या पाण्यासारख्या. नळी आणि लाकूड कुठे संपतं, कुठे सुरू होतं, ते नखाला कळत नव्हतं. होडीच्या दोन फळ्या बसवाव्यात तशी त्याने नळी बसवली होती, घट्ट. अरबाबने दाढीचा एक केस उपटून फटीत घालून पाहिला. केस गेला नाही. उबेदची छाती फुगली आणि त्या भरात तो जे बोलू नये ते बोलून गेला.

"अरबाब, केस क्या, इसमें पानी भी मफी जाएगा!"

हे वाक्य पुढे त्याच्या गळ्यात धोंड्यासारखं अडकलं.

त्यानंतर प्रश्न आला दुर्बिणीचा. बंदुकीवर बसवायची ती दुर्बीण कोणती घ्यायची, हे ठरवायला अरबाबने आपल्या बांधकाम कंपनीतले इंजिनियर चंद्रशेखर साहेब यांना नेमलं. साहेब पुण्याचे. कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजीचं पदक मिळवलेलं, आणि त्यानंतर वीस वर्षं त्या पदकाच्या जिवावर काढलेली. त्यांच्याकडे दुर्बिणींच्या कॅटलॉगांची चळत होती.

"साहेब," उबेद म्हणाला, "मी नेम धरताना गाल टेकायला लाकूड ठेवलंय ते बुटक्या, बारीक दुर्बिणीच्या हिशेबानं. मोठी घेतलीत तर ती उंच बसेल आणि गाल हवेत राहील."

"उबेदभाई, तुम्ही लाकडाचं बघा. काचेचं मी बघतो."

आली ती हंडीएवढ्या काचेची दुर्बीण. ती इतकी उंच बसली की अरबाबला मान वर करून बघावं लागे. मग उबेदने गालाखाली अक्रोडाचा एक तुकडा जोडला, आणि जोड दिसू नये म्हणून आठ दिवस घालवले. तरी मार्चअखेरीस सखीरकडच्या चांदमारीवर तीन गोळ्या चहाच्या बशीत मावतील अशा लागल्या. अरबाबने सगळ्यांना मिठ्या मारल्या. चंद्रशेखर साहेबांनी काच किती चांगली आहे ते सांगितलं.

जून उजाडला आणि बिनसलं. बहारीनचा जून म्हणजे सकाळी सहालाच चष्म्यावर वाफ धरते. पहिली गोळी उजवीकडे चार बोटं गेली, दुसरी त्याहून उजवीकडे आणि वर, तिसरी लक्ष्याच्या कागदाबाहेर. अरबाबचा चेहरा पडला. चंद्रशेखर साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला, स्क्रू फिरवले, पुन्हा लावला आणि निकाल दिला.

"स्कोप खराब है, अरबाब."

उबेद बाजूला उभा होता. रोज सकाळी वर्कशॉपमधल्या कॅलेंडरचं पान फाडून, त्यावरच्या नमाजाच्या वेळा बघून ते खिशात ठेवायची त्याची सवय. त्याने बंदूक हातात घेतली, ते पातळ पान नळी आणि लाकडाच्या मध्ये सरकवायला गेला, आणि ते शिरलंच नाही. तोंडाजवळ डावीकडे लाकूड नळीला चिकटून बसलं होतं, जणू दाराची चौकट पावसात दार धरून ठेवते.

तिथल्या तिथे त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. होडीत लाकूड फुगलं की फटी बुजतात, होडी कोरडी राहते. बापाने शिकवलं ते हेच, घट्ट बसव, फुगलं की अजून घट्ट. पण बंदुकीत? लाकूड फुगलं की नळीला ढोसतं, आणि नळी तापली की आणखी. अरबाब बंदूक ठेवायचा झल्लाकच्या बंगल्यात, समुद्रावरच्या खोलीत, मासे पकडायच्या जाळ्यांशेजारी. दमट हवेत दिवसरात्र. म्हणजे चूक काचेची नव्हती. चूक उबेदची होती, आणि तीही त्याला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता नेमकी तीच.

"अरबाब, स्कोप ठीक है. लकडी फूल गया. मेरा गलती. दो स्क्रू खोलूंगा, अंदर थोडा खरोंच दूंगा, खलास. पंधरा मिनट."

आता चूक कबूल करणाऱ्याला कोणी शाबासकी द्यावी असं नाही, पण निदान ऐकून तरी घ्यावं! अरबाब हसला, उबेदच्या पाठीवर थाप मारली. "नहीं, नहीं. तेरा काम एक नंबर. बाल भी मफी जाता. खोलेगा तो गॅप आएगा. स्कोप खराब." चंद्रशेखर साहेब मराठीत म्हणाले, "उबेदभाई, उगाच विनय नको. अक्रोड काय फुगणार आहे? दर्जेदार लाकूड आहे ते."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी गत. दुसरी दुर्बीण आली, बारीक नळीची, जर्मनीची. ती बुटकी, त्यामुळे आता गालाखालचा तुकडा उंच झाला. तो उबेदने तासून काढला. पुन्हा आठ दिवस, पुन्हा तेल. ते काम चालू असताना अरबाबने आपला एक माणूस वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसवला होता, बंदूक परवान्याची म्हणून. उबेदने एकदा हळूच खालच्या स्क्रूला पेचकस लावला तर तो माणूस फोनकडे धावला. पाच मिनिटांत अरबाबचा आवाज, "उबेद! मैं बोला ना, अंदर मफी खोलना!"

ऑगस्टात चांदमारी झाली. गोळ्या पुन्हा उजवीकडे आणि वर.

"साहेब," उबेद चंद्रशेखर साहेबांना म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला होता, "दुर्बिणी दोन झाल्या. चूक तीच. त्याच बाजूला, तशीच. काच बदलली तरी गोळी त्याच वाटेनं जाते, म्हणजे वाट कोण दाखवतंय? लाकूडच ना?"

साहेबांनी विचार केल्यासारखं केलं. "दोन्ही स्कोप खराब निघू शकतात. शक्यता कमी, पण आहे."

त्या दिवशी खोलीवर आल्यावर उबेदने चपला अशा भिरकावल्या की एक मुनाफच्या ताटाजवळ पडली.

"अरे झाला काय?"

"मना शिव्या घाल कोणीतरी! मी चुकलो असा बोलतंय, तर सगळे माझी पाठ थोपटतायत!"

मुनाफने भाकरीचा तुकडा मोडला. "मग गप रव ना. अरबाब खूश हाय, नाव तुझा होतंय, दोष काचेवर जातोय. तुझा काय जातंय?"

"होडी गळतेय मुनाफ, आन् मी काठावर बसून वाहवा घेतंय. बापूस जिवंत असता तर मना खाडीत ढकललान असता."

"ती होडी नाय, बंदूक हाय. कोण बुडणार हाय तिच्यात?"

यावर उबेदला अजून राग आला. तो रागाने जेवलाही नाही, हे मुनाफने नंतर सगळ्या वर्कशॉपला सांगितलं.

सप्टेंबरात तिसरी दुर्बीण आली. त्या वेळी चांदमारी झालीच नाही, अरबाबला घाई होती. ऑक्टोबरात बंदूक विमानात चढली. जायच्या आधी उबेद झल्लाकला जाऊन अरबाबच्या दारात उभा राहिला. हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. "अरबाब, पंधरा मिनट. इधरही, आपके सामने." अरबाब गाडीत बसता बसता म्हणाला, "उबेद, तू बहुत सोचता. यल्ला, इंशाल्ला सब अच्छा होगा."

अच्छा काही झालं नाही. युरोपातल्या त्या जंगलात, यजमान आणि त्याचे चार मित्र बघत असताना, अरबाबने दोनदा नेम धरला आणि दोन्हीदा हरीण कान हलवून निघून गेलं. परत आल्यावर अरबाबने काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची एक तयार बंदूक मागवली. प्लास्टिक फुगत नाही. उबेदला त्याने बोलावून सांगितलं, "तेरा काम में कुछ गलती नहीं. तीन स्कोप, तीनों खराब. नसीब." आणि सगळ्यांदेखत त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. उबेदला वाटलं, याच्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं.

वर्ष गेलं. १९९६च्या सप्टेंबरात वर्कशॉपमध्ये अरबाबचा फोन आला. उचलला उबेदनेच, पण कोण बोलतंय हे न विचारताच अरबाबने सुरुवात केली. झल्लाकच्या बंगल्यात मजलिसबाहेरच्या व्हरांड्याचं दार लागत नव्हतं. "उबेद को भेजो. समुंदर का हवा है, लकडी फूल गया."

हे ऐकून उबेदने फोन हातात तसाच धरून ठेवला. दाराचं कळतं! दाराचं या माणसाला बरोब्बर कळतं!

रंधा घेऊन तो मजलिसमध्ये शिरला. आत एसी असा चालू होता की दात वाजावेत, आणि हा एसी बाराही महिने बंद होत नसे. समोरच्या भिंतीवर, दोन पितळी खुंट्यांवर, त्याची बंदूक. दुर्बीण काढलेली. नुसतं लाकूड आणि लोखंड, तोंडापर्यंत. दोन पाहुणे होते, चंद्रशेखर साहेबही होते. अरबाबने पाहुण्यांना अभिमानाने उबेद दाखवला, आणि बंदूक खाली काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांच्या हातातून ती उबेदकडे आली. त्याने खिशातून त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान काढलं, घडी उलगडली आणि नळीखाली घातलं. पान सरकलं. त्याने ते पुढे ओढलं. डावीकडे, जिथे ते गेल्या वर्षीच्या जूनमध्ये अडलं होतं, तिथे त्याने ते हळू ओढलं. पान अडलं नाही. कोरड्या थंड हवेत वर्षभर राहून लाकूड आपलं आपण आक्रसून मागे सरकलं होतं, कागदाएवढं. पान नळीच्या तोंडापर्यंत आलं आणि बाहेर पडलं.

"बघा!" चंद्रशेखर साहेब उठून उभे राहिले. "मी तेव्हापासून काय सांगत होतो? लाकडात दोष नव्हताच. तुम्ही उगाच स्वतःला दोष लावून घेत होतात."

उबेदला एकाच वेळी रडावंसं वाटलं आणि हातातला रंधा साहेबांना फेकून मारावासा वाटला. त्याने दोन्ही केलं नाही. तो अरबाबकडे वळला.

"अरबाब, अभी बराबर है. एक बार सखीर ले चलो. एक गोली. बस एक."

अरबाब हसला, आणि त्याने बंदुकीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. उबेदने करंगळी आत घातली. नखभर खोलीवर थंडगार, गुळगुळीत शिसं लागलं.

"घर में छोटा बच्चा लोग है. सीसा डालके बंद किया. अब ये फर्निचर है, उबेद. खलास."

पाहुण्यांपैकी एकजण पुन्हा म्हणाला, काय सुंदर काम आहे. उबेदने बंदूक खुंट्यांवर ठेवली आणि तो व्हरांड्याच्या दाराशी गेला. दार चौकटीला घासत होतं, वरच्या कोपऱ्यात. त्याने चार हात रंधा मारला, दार लावलं. लागलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"बस, उबेद, अच्छा है," आतून अरबाब म्हणाला.

उबेदने ऐकलं नाही. त्याने दार दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा लावलं, आणि मग खिशातलं ते पान काढून दार आणि चौकटीच्या मध्ये वरपासून खालपर्यंत फिरवून बघितलं.