एक ते दीड पूजा

त्या पूजेची थाप मी मारली न्हाई, हे कुणी मानलंच न्हाई. डॉक्टरांना सांगितलं, कंपाउंडरला सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं डोकं असं चालतंय?" आता ही तारीफ का टोमणा ते कळंना, म्हणून त्या दिवशी त्याला कालचंच वरण वाढलं.

दवाखान्यात आया म्हणून वर्षं काढली की किस्से साठतात, कॉटखाली धूळ साठते तसे. आज झाडा, उद्या हायेतच. आमचा दवाखाना खाजगी, वीस कॉटचा, बीदर जिल्ह्यात राजेश्वरच्या रस्त्याला. मी चौथी शिकलेली. पण कोण पेशंट खरा कण्हतोय आणि कोण सून आली म्हणून कण्हतोय, ते दारातूनच सांगते.

आमची महानंदा सिस्टर मंठाळची, धनगराची पोर. बाप मेंढरांमागं हिंडला, पोरगी नर्सिंग शिकली. हात हलका, जीभ गोड. खोड एकच. दुसऱ्याला "जेवलाव का, गोळी घेतलाव का" विचारत फिरायची आणि स्वतःचा डबा चार वाजता उघडायची. तोवर भाकरी अशी व्हायची की प्लास्टरच्या जागी बांधली असती तरी हाड जुळलं असतं.

*

एकदा भर दुपारी सलाईन लावता लावता ती घेरी येऊन पडली. त्या कॉटवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक अप्पा होता. भला माणूस. स्वतः उठून बाजूला झाला. आम्ही महानंदाला त्याच्या जागी निजवलं, अंगावर चादर टाकली.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. डॉक्टर हुशार, पण पेशंटच्या तोंडाकडं बघायची सवय न्हाई. नजर फाईलीत ठेवूनच नाडी धरली आणि म्हणाले, "छान. उद्या घरी सोडा."

अप्पा भिंतीला धरून उभा होता. म्हणाला, "साहेब, तिला सोडायलाव तर सोडा. मी कधी जाऊ तेवढं सांगा."

*

मग डॉक्टरांनी मनावर घेतलं. शहरातून एक टायवाले साहेब बोलावले. नर्स लोकांनी स्वतःची काळजी कशी घ्यायची, यावर भाषण. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. साहेब म्हणाले, लांब श्वास घ्या, मन शांत ठेवा, रोज थोडा वेळ फक्त स्वतःसाठी काढा, आणि मुख्य म्हणजे वेळेवर जेवा.

भाषणाची वेळ दुपारी एक ते दोन.

मी मागं फडकं घेऊन उभी होते. विचारलं, "साहेब, वेळेवर म्हणजे किती वाजता? आमच्याकडं तर याच वेळेला जेवतेत."

साहेबांनी घड्याळ बघितलं, पाणी पिलं, म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे." आणि अडीचपर्यंत बोलले.

*

त्याच महिन्यात महानंदाला हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याचं पत्र आलं. तेव्हा सगळ्याच पोरी हैदराबादला, पुण्याला चालल्या होत्या.

"अक्का, तिथं जेवायला वेगळी सुट्टी असतीय म्हणे."

"मग जा की. कामून थांबलीस?"

"सात नंबरच्या काकांनी अजून तोंड उघडलं न्हाई."

सात नंबरला लकवा झालेला म्हातारा होता. तीन आठवडे एक शब्द न्हाई. महानंदा रोज त्याच्याशी बोलायची, तो छताकडं बघायचा. एका सकाळी आम्ही दोघी त्याला कुशीवर वळवत होतो, आणि तो स्पष्ट बोलला, "हळू की, गाढवे."

महानंदा वॉर्डभर नाचली. "अक्का, बोलले! मला गाढवे म्हणाले!" पळत जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मला तर तीस वर्षं म्हणायलेत. मी एक दिवस नाचले न्हाई."

असल्या गोष्टींवर ती पोरगी आठ-आठ दिवस खूश राहायची. पण खुशीनं पोटातली आग विझत न्हाई. पत्र एप्रनच्या खिशात घालून हिंडायची. महिना संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. ती गेली असती तर वॉर्ड माझ्यावर आणि देवावर.

*

आता पूजा. डॉक्टरांची आई, गुरुबसव्वा, मांडीचं हाड मोडून दारालगतच्या कॉटवर पडली होती. घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग, सकाळ-संध्याकाळ पूजा, मधल्या वेळात आमच्या चुका काढणं. आणि लेक दिसला की एकच, "शिवू, मला घरी सोड." लेक सोडत नव्हता.

एक दिवस एकच्या सुमाराला महानंदा ड्रेसिंगच्या खोलीत डबा घेऊन बसली, दार लावलं. मी भांडं घेऊन मोरीकडं निघाले होते. एवढ्यात कुणाचे तरी चार नातेवाईक आले आणि दार बडवायला लागले. काम काय, तर पेशंटला नारळपाणी चालतं का. माझ्या पाठीमागं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "सिस्टर लिंगपूजेला बसलीय. हाक मारू नका."

चौघांचे हात जागच्या जागी थांबले. एकानं तर चपला काढल्या. आमच्याकडं कुणाचं जेवण मोडायला लोक मागंपुढं बघत न्हाईत, पण तळहातावर लिंग घेऊन बसलेल्या माणसाला कुणी हाक मारणार न्हाई.

मी वळून बघितलं, तर सगळे माझ्याकडंच बघत होते. म्हणलं, जाऊ दे, कुणी का बोलंना, काम झालं. दुसऱ्या दिवसापासून एक ते दीड मीच दाराशी स्टूल टाकून बसायला लागले, नजर वॉर्डवर. खरंच कुणाचं बिघडलं तर मी दार वाजवायचं, एवढं आमचं ठरलेलं. म्हणजे पूजा मी चालवली. सुरू केली न्हाई.

*

पंधरा दिवसांत महानंदाच्या गालावर रंग आला. लोक म्हणाले, पूजेचं तेज. नौबादचा एक माणूस दारात नारळ आणि बेल ठेवून गेला, पोरीचं लग्न जुळावं म्हणून. नारळ आम्ही चटणीत घातला. पोरीचं जुळलं म्हणे.

मग एके दिवशी महानंदानं डब्यात सुकट आणली. वास वॉर्डभर. गुरुबसव्वानं नाक वर केलं.

"ये आयाबाई, आज पूजेला धूप कोणता लावलाय?"

मी खिडकी उघडली. "अव्वा, औषधाचा वास हाय."

"व्हय? मग ते औषध मला लिहून देऊ नका म्हणावं."

*

महिन्याचा शेवटचा आठवडा. डॉक्टर बीदरहून लवकर परत आले आणि सव्वा वाजता वॉर्डात शिरले. "सिस्टर कुठंय?"

"पूजेला बसल्यात," मी स्टुलावरून म्हणाले.

"तिच्या घरी बिरोबा. लिंगपूजा कधीपासून करायलीय?" म्हणत त्यांनी दार ढकललं. महानंदाचा घास अर्धा तोंडात, अर्धा हातात.

डॉक्टर वॉर्डाकडं वळले. "ही पूजा कुणी सुरू केली?"

वीस कॉट, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं.

"मी न्हाई," मी म्हणाले.

"जिनं कुणी सुरू केली, तिनं आजच्या आज घर गाठायचं. इथं एक मिनिट थांबायचं न्हाई."

महानंदानं घास डब्यात ठेवला. खिशातनं ते हैदराबादचं पत्र काढलं. "साहेब, अक्काला काढलाव तर मी बी चालले."

मग दारालगतच्या कॉटवरून आवाज आला.

"शिवू, रिक्षा बोलाव."

"कामून, अव्वा?"

"जिनं सुरू केली तिनं आज घरी जायचं म्हणालास न्हवं? वीस माणसं ऐकलेत. माझं लुगडं काढ पेटीतनं. आणि ते दार लाव आधी, पोरगी जेवायलीय."

डॉक्टरांनी आईच्या मोडक्या पायाकडं बघितलं. मग गेले आणि स्वतःच्या हातानं दार लावलं. मी फटीतून बघितलं. महानंदानं पत्राची घडी केली, डब्याखाली ठेवली आणि घास उचलला.

संध्याकाळी ड्यूटीच्या रजिस्टरात नवीन ओळ आली, महानंदानं मला वाचून दाखवली, रोज एक ते दीड सिस्टर मिळणार न्हाई. पुढं रकाना होता, जबाबदार कोण. डॉक्टर एरवी कानडीत लिहितात. तेवढं नाव मला वाचता यावं म्हणून मराठीत लिहिलं होतं. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

गुरुबसव्वा.