कुरवेसरांचे सात दगड

कुरवेसरांना मी बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि तेही वाळूत. एरवी हा माणूस चहा उभ्यानं प्यायचा, हजेरी उभ्यानं घ्यायचा, आणि स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची पुढं केलीच तर तिच्या पाठीला आपली पिशवी अडकवून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. ‘बसा की सर’ म्हटलं की उत्तर ठरलेलं. “बसून काय करू? पाखरं तिकडं उडून राहिली, अन् मी हितं बसून राहू?” वाक्य संपेपर्यंत ते दारात पोचलेले असत.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. कुरव हा पक्षी हिवाळ्यात हिमालयापलीकडून येतो आणि आपल्याकडच्या धरणांवर उतरतो. वर्गात बेडूक शिकवता शिकवता सर या कुरवांवर घसरत आणि मग तासाची घंटा होईपर्यंत परत येत नसत. पोरांनी नाव ठेवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की एकदा कॉलेजच्या नोटिशीतही ‘कुरवेसर’ असंच टाइप होऊन आलं. सरांनी मुकाट्यानं खाली सही केली आणि पुढच्या तासाला गेले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोनतीन वर्षं झाली असतील. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्या मात्र कोऱ्या करकरीत. गावातला जो तो कुठल्या ना कुठल्या कचेरीत चिकटायच्या खटपटीत होता. अशात संस्थेनं सरांची नांदेडहून लातूरला बदली केली. काकू आणि दोन मुली नांदेडलाच राहिल्या, सर लातुरात एका खोलीत. त्यात दुष्काळ पडला. सकाळी टँकरपुढं घागरींची रांग लागे, तिच्यात सरांची एक बादली असे, आणि सर मात्र रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत असत. “लातूरला समदं आलं,” ते म्हणायचे. “कलेक्टर आला, एस्पी आला. गोदावरी तेवढी आणायची राहिली.”

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्याकडे काचेच्या पेटीतला एक नाजूक तराजू होता, केसाचंही वजन दाखवणारा. एके दिवशी सर तंबाखूचा डबा घेऊन आले. आत कापसात अंड्यांच्या टरफलांचे तुकडे. मी लिंगायताच्या घरातला. आमच्या घरी अंडं हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. सरांनी माझ्या गळ्यातली लिंगाची डबी पाहिली आणि माझा चेहराही. म्हणाले, “तू हात नको लावू बाबा. मी ठिवतो, तू फक्त आकडा वाच.” पुढं दोन वर्षं आम्ही तसंच केलं. तिसऱ्या वर्षी एके दिवशी सरांच्या हातातला चिमटा मीच घेतला. घरी सांगितलं नाही.

ती टरफलं कुरवाची नव्हती. कुरव इथं हिवाळा काढून जातो, अंडी त्याच्या मुलखात घालतो. म्हणून सरांनी अंड्यांसाठी त्याचा चुलतभाऊ धरला होता, सुरय. दुभंगलेल्या शेपटीचा हा पांढरा पक्षी उन्हाळ्यात गोदावरीच्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. सरांना वाटत होतं की या अंड्यांची कवचं वर्षागणिक पातळ होत चालली आहेत. पिकांवर मारलेली पावडर ओढ्यानं नदीत, नदीतून माशात, माशातून पाखरात, असा त्यांचा माग होता. सहा वर्षं ते पीएच.डी.साठी हेच जमवत होते. फुटकी, सोडून दिलेली अंडीच तेवढी घ्यायचे. बसलेल्या पाखराखालचं अंडं त्यांनी कधी उचललं नाही.

एकदा ते आमच्या गंजबाजारातल्या दुकानात आले. आम्ही डाळी, बी-बियाणं आणि तीच पावडर विकत असू. वडिलांना वाटलं, नव्या जिल्ह्याचे नवे इन्स्पेक्टर. त्यांनी गादी झटकली, गुळाचा चहा मागवला. सर अर्थातच उभे.

“अण्णा, ही पावडर मारल्यावर जाती कुठं?”

“जाती कुठं म्हंजे? किडं मरत्यात की.”

“किडं मरत्यात. पावडर मरती का?”

वडील माझ्याकडे बघायला लागले. सर निघून गेल्यावर ते त्या पोत्यांकडे पाहत म्हणाले, “ह्यो मास्तर तुला बिघडवणार.” पण त्या दिवसापासून पावडरीची पोती डाळीशेजारून हलली आणि मागच्या खोलीत गेली, हेही खरं.

आकड्यांच्या बाबतीत सर फार कडक. हिवाळी सहलीला पोरांना नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणावर न्यायचे. एखादा म्हणायचा, “सर, लई पाखरं हायती.” की संपलंच. “लई म्हंजे किती? लई हा आकडा न्हाई. मोज.” पोरगं मोजायचं, पाखरं उडायची, सर म्हणायचे, “परत मोज.” त्यांच्या जाड वहीत एक रकाना संख्येचा होता आणि तो रिकामा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. एका वर्षी पावसात बस अहमदपूरला अडकली आणि त्यांची नोंद चुकली, तर त्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘मी नव्हतो.’

मग तो उन्हाळा आला. पीएच.डी.च्या नोंदणीचं शेवटचं वर्ष. मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, या हंगामातली घरटी मोजा, किती अंड्यांतून पिलं निघाली ते लिहा आणि प्रबंध द्या, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. आणि पाणी तर नव्हतंच. नदी आटून तिची डबकी झाली होती. एरवी सुरयांचं बेट पाण्यानं वेढलेलं असे, तिथं कुत्रं फिरकत नसे. त्या वर्षी बेटावर चालत जाता येत होतं.

सुरयाची अंडी वाळूच्याच रंगाची. पाय ठेवला तरी कळायचं नाही. खुणा हव्यातच. आम्ही प्रयोगशाळेच्या गच्चीवर सात चपटे दगड वाळत घातले. चुना मी फासला, त्यावर तांबड्या ऑइलपेंटनं आकडे सरांनी काढले. शनिवारच्या बसनं आम्ही नांदेडला निघालो. कंडक्टरनं पिशवी उचलून विचारलं, “मास्तर, दगडं घिऊन कुठं?” सर म्हणाले, “अंड्यांला नंबर द्यायलोय.” कंडक्टरनं पिशवी सीटखाली सरकवली आणि दोन तिकिटं फाडली. त्या रात्री सरांच्या घरी मुक्काम केला आणि रविवारी उजाडता उजाडता नदीत उतरलो. वाळूच्या अलीकडच्या टोकाला सात घरटी सापडली. प्रत्येकाजवळ एकेक दगड ठेवला. पलीकडच्या टोकाला पाखरांचा मोठा थवा बसलेला होता, पण ऊन चढलं होतं. पाखरं उठवली तर अंडी भाजतील, म्हणून सर म्हणाले, “ते पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी जाणं झालं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला सरांना औशाला पाठवलं. तिथं ते खिडकी ते दार, दार ते खिडकी असे चालत होते, असं नंतर तिथल्या शिपायानं मला सांगितलं. पंधरा दिवसांनी आम्ही परत नदीवर गेलो.

काठावरूनच माणसं दिसली. पंधरावीस बायका, कडेवर रिकाम्या घागरी. आमच्या सातही दगडांना हळदकुंकू लागलं होतं, पुढं हिरव्या बांगड्या, फुटलेले नारळ आणि पळसाच्या पानांवर दहीभात. दोन कुत्री पानं चाटत होती. कावळ्यांना तर जत्राच लागली होती. सातही खळग्यांत एकही अंडं शिल्लक नव्हतं.

साती आसरा या पाण्याच्या देवता. त्या नदीकाठी सात दगडांच्या रूपात मांडतात, आणि पाणी आटलं की बायका त्यांनाच साकडं घालतात. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. माझ्या आजोळी विहिरीवर आसरा होत्या, सरांच्या आईनं तर दर वर्षी त्यांची ओटी भरली होती. पण आम्हाला दगडांवर आकडे दिसत होते, आणि आकडा दिसायला लागला की माणसाला दगड दिसत नाही. दुष्काळात, कोरड्या नदीत, पांढरे दगड, त्यांवर तांबडा रंग, आणि मोजून सात. दुसऱ्या कुणी काय समजायचं होतं?

एक म्हातारी सरांजवळ आली. “परसाद घ्या बापा. आसरा आपनहून वर आल्यात. कुनी ठिवल्या न्हाईत, कुनी आनल्या न्हाईत. आता पानी येतंय बगा.”

मला वाटलं, सर आता ओरडतील. मी दोनदा त्यांचा संताप पाहिला होता. पण त्यांनी हात पुढं केला, दहीभात घेतला आणि ते खाली बसले. वाळूत, मांडी घालून. मला भीती वाटली. चालता माणूस असा बसला की काहीतरी मोडलंय, हे कळतं.

दहीभात संपल्यावर त्यांनी पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. “माय, ती पांढरी पाखरं दिसतात का?”

“हाव की.”

“ती आसरांची हाईत. त्यांची लेकरं उडून जाईस्तोवर तिकडं कुणी जाऊ नका. कुत्री, शेळ्या सोडू नका. अन् परसाद हितं नको, काठावर ठिवत जा.”

म्हातारीनं थव्याकडे पाहिलं. “त्यांचीच असतील. आसी पांढरीधोप दुसऱ्या कुनाची राहनार?” तिनं मागं वळून बायकांना सांगितलं. दोघीतिघींनी पदर कंबरेला खोचून सातही दगड काठावर नेऊन मांडले आणि एकीनं कुत्री हाकलली.

येताना बसमध्ये सर म्हणाले, “सोळा वर्षं शास्त्र शिकवलं, आज खोटं बोललो.” मी म्हटलं, “सर, पण पाखरं वाचली.”  अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी चहा घेतला, उभ्यानं. मला बरं वाटलं.

बायकांना जाऊ नका सांगितलं आणि स्वतः जायचं, हे त्यांना पटेना. पलीकडच्या टोकाला ते त्या हंगामात गेलेच नाहीत. म्हणजे मोजदाद नाही. मार्गदर्शक शहाणे होते. म्हणाले, हातात सात घरटी आहेत, सातही वाया गेली. पातळ कवचामुळं अंडी गेली असं लिहा, प्रबंध उलट भक्कम होईल. सरांनी मला सांगितलं तेव्हा ते प्रयोगशाळेत फेऱ्या मारत होते. “अंडी कावळ्यानं खाल्ली, भात बाईनं ठिवला, अन् दगड म्या ठिवला. मग पावडरीचं नाव कसं लिहू?”

“पण सर, पावडरीचा दोष आहे असं तुम्हाला वाटतं ना?”

“वाटतं. वाटणं वहीत लिवत न्हाईत.”

नोंदणी संपली. सहा वर्षांची टरफलं त्याच तंबाखूच्या डब्यांत राहिली. काही एका मोठ्या प्रयोगशाळेला पाठवली होती, तिथून ‘नमुने अपुरे’ एवढंच उत्तर आलं. पावडरीनं कवचं खरंच पातळ होत होती का, हे मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला सुखानं झोपू देत नाही. ही खोड त्यांचीच मला लागलेली. निवृत्तीच्या कार्डावर कॉलेजनं त्यांच्या नावाआधी चुकून ‘डॉ.’ छापलं. सरांनी सगळी कार्डं मागवून घेतली आणि प्रत्येकावरचं ते अक्षर स्वतः खोडलं.

मग ते कायमचे नांदेडला गेले आणि काही वर्षांत पाय गेले. ज्या माणसाला खुर्ची चालत नव्हती, त्याच्या नशिबी पलंग आला. मी गेलो की डोळे दारावरच असत, आणि पाणी द्यायच्या आधी प्रश्न येई, “नदीवर जाऊन आलास का?”

शेवटच्या उन्हाळ्यात मी जाऊन आलो होतो. आसरांना आता काठावर सिमेंटचा ओटा झाला आहे. शेंदराच्या थरांखाली आकडे कधीच गाडले गेलेत. ओट्याशी एक तरुण सून नारळ फोडत होती. मी वाळूकडे वळलो तशी ती म्हणाली, “तिकडं न्हाई जायचं दादा. आसरांची पाखरं बसल्यात. लेकरं उडाल्यावर जावा.” मी काठावरच थांबलो. वाळूचं सगळं टोक पांढरं झालं होतं. मी मोजायला सुरुवात केली. साठाच्या पुढं पाखरं उठली, मिसळली आणि पुन्हा बसली. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी उशीखालची वही माझ्याकडे दिली. बोटांत पेन धरवत नव्हतं.

“किती होती?”

“मोजता आली नाहीत सर. जवळ जाऊ दिलं नाही.”

“कुणी?”

“गावच्या सुनेनं.”

 त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मग म्हणाले, “लिही.”

“काय लिहू सर?”

“लई.”

मी संख्येच्या रकान्यात तसं लिहिलं. त्या वहीतली ती शेवटची नोंद.