पन्नासावा हिस्सा

तिच्या नवऱ्याला कुणी जुगारी म्हटलं की त्याला भयंकर राग यायचा. जुगारी ते, जे हरले की डाव दुप्पट करतात आणि संध्याकाळी बसभाड्यासाठी हात पसरतात. हा घरीच खोलीत बसून घड्याळं दुरुस्त करणारा शिस्तीचा माणूस. पत्र्याच्या डब्यातल्या रकमेचा पन्नासावा हिस्सा काढायचा, एका घोड्यावर लावायचा, आणि हार होवो की जीत, त्या दिवशी पुन्हा डब्याला हात लावायचा नाही. रक्कम घटली की डावही घटतो, मग डबा रिकामा होईलच कसा? हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा, की घोडेसुद्धा याला विचारून पळतात असं वाटावं.

ती त्याच खोलीत खिडकीशी बसून शाळांचे गणवेश शिवायची. सव्वीस वर्षं पायमशीन. उजवा गुडघा असा धरायचा की जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी आडवं उतरावं लागे. मशीनला मोटर बसवायचं सहा वर्षांपासून ठरलेलं होतं. "डबा जरा वर येऊ दे, पहिली तुझी मोटर," हे वाक्य त्याला पाठ झालं होतं आणि तिला त्याचा वीट आला होता.

त्या शनिवारी दुपारी एक निवृत्त पोस्टमन आला. नोकरी संपताना मिळालेले निम्मे पैसे घोड्यांवर घालवून बसलेला, आणि उरलेले कसे लावावेत ते शिकायला आलेला. कुणी वही उघडून समोर बसलं की नवऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

"लिहून घ्या. सव्वीस वर्षांत हा डबा एकदाही रिकामा झाला नाही. शिस्त! दुसरं काही नाही."

तिचे पाय मशीनवर थांबले. तळपायाची आग मस्तकात गेली. दरवर्षी गणवेशांचे पैसे हातात पडले की हाच माणूस डबा घेऊन यायचा. "निम्म्याच्या खाली आलाय, जरा भर घाल." पहिल्या वर्षी तिनं कौतुकानं घातली, मग सवयीनं, पुढे भांडण नको म्हणून. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर बायजी लोकांना शिस्त शिकवणार!

"सव्वीस वेळा मी भरलाय तो," ती म्हणाली. "तेही लिहू द्या की त्यांना."

"अगं, ते भांडवल. भांडवल म्हणजे तोटा नव्हे."

"मग कुठंय ते भांडवल? आणा, मोजू आपण!"

तो भिंग पुसत बसला. तो खोटं बोलत नव्हता, याचाच तिला जास्त संताप आला. त्याच्या वहीत प्रत्येक हार-जीत तारीखवार होती. तिनं घातलेली भर मात्र कुठंच नव्हती, कारण ती घोड्याकडून आली नव्हती.

पोस्टमननं पेन खाली ठेवलं. "वहिनी, माझ्या घरी मी एकटाच. मागून भर घालणारं कुणी नाही. मग ही पद्धत मला कशी चालायची?"

"नाही चालायची. घरी जा भाऊ, उरलंय ते सांभाळा."

तो वही मिटून निघून गेला. तिनं डबा उचलून मांडीवर उपडा केला. मोटरीच्या किमतीचे निम्मेच पैसे निघाले. मशीनवाला निम्मे आज घेईल, निम्मे पुढच्या महिन्यात. ओळखीचाच होता. नोटा रुमालात बांधून ती उठली, तसा नवराही उठला. आता तरी गुडघ्याबद्दल दोन शब्द बोलेल, असं तिला अजूनही वाटलं. बायकांची आशा चिवट असते.

"निदान आजचा पन्नासावा हिस्सा तरी ठेवून जा," तो म्हणाला. "तीनची रेस आहे."

तिनं रुमाल सोडला, नोटा पुन्हा डब्यात भरल्या, झाकण घट्ट दाबलं, आणि डबा काखेत मारून ती आडव्या पावलांनी जिना उतरू लागली.