कमरेची एक, गुडघ्याची एक

आमच्या आईला काही समजावायला जाणं म्हणजे आपलंच डोकं दगडावर आपटणं. मला भरे गावात दिलेली, मी उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. वडील गेल्यापासून आई माहेरी, माले गावात, एकटीच असते. मी रोज फोन करते, कशी आहेस विचारते, आणि रोज तिचं तेच उत्तर. "मला काय धाड भरलीया?"

मागच्या लावणीत ती धाड भरलीच. आमच्याकडे भात सावडीनं लावतात. आज बाया तुझ्या खाचरात, उद्या तू त्यांच्या. आई शेजारणीच्या खाचरात वाकली ती उठलीच नाही, चिखलातच बसली. शेजारणीचा फोन आला तशी मी मशीनवरून उठून पळाले. बघते तर बाईचं तोंड पांढरंफटक, आणि वर मलाच विचारते, "तू कशाला आलीस? रजा पडंल की!"

जीप करून पौडाला नेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, परसाकडला काळं होतंय का?" आई लाजून भिंतीकडं बघायला लागली. मग म्हणाली, "कोरा च्या पिते ना, त्येनं होतं."

कोरा चहा! मी कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टरांनी तिच्या कमरेची चंची उघडायला लावली. पानसुपारीत गोळ्यांची दोन पाकिटं निघाली, एक लाल, एक पिवळं. एक गावातल्या किराणा दुकानातलं, दुसरं मेडिकलातलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, या दोन्हींत दुखणं थांबवायचं एकच औषध आहे. नावं तेवढी वेगळी."

"आसं कसं? ही कमरेची हाय आन ही गुडघ्याची."

म्हणजे ही बाई रोज दुप्पट गोळ्या खात होती. त्यात बीपीचं औषध चालू. आणि कहर म्हणजे गुरुवारच्या उपासाला त्याच गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर. का, तर "गोळीला कुटं मीठमिरची असती? उपासाला चालती." देवाला चालली, पोटाला नाही चालली! आत जखम होऊन रक्त जात होतं. अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पुण्याला नेऊन रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून जखम बघितली. नळी घालताना तिनं माझा हात घट्ट आवळून धरला.

घरी आणल्यावर मात्र माझा तोल गेला. "इतकं दुखत होतं तर सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं आसतं तर शेतात जाऊ दिलं आसतंस?"

"नसतंच दिलं!"

"मंग?" ती म्हणाली. "चार बायांत हसणं-बोलणं हुतं. हितं काय, भिताडासंगं बोलू?"

मला जास्तच राग आला.

तेवढ्यात शेजारीण बघायला आली आणि जाताना उशाखाली हळूच एक पाकीट सरकवलं. "ही लई गुणाची हाय, माझ्या जावयानं आणली." मी अशी काही भडकले की बाई चहा न घेताच गेली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर घसा फोडून सांगत होते: दुकानात मिळते म्हणून गोळी निर्धोक नसते, उपाशीपोटी तर अजिबात घ्यायची नाही, दुखलं तर आधी मला विचारा, आणि त्या दिवशी कामाला वाकू नका. आई "व्हय, व्हय" करत होती. त्या "व्हय"वर माझा काडीचा विश्वास नव्हता. वर्षभर मी माल्याला गेले की आधी तिची चंची उलटी करायची, आणि ती मला फौजदारीणबाई म्हणायची.

यंदा ऐन लावणीत, कंपनीत जेवायच्या सुट्टीत तिचा फोन आला. एरवी ती फोन करत नाही, पैसे जातात म्हणते. मी डबा तसाच ठेवून फोन उचलला.

"गुडघा लई दुखतुया," ती म्हणाली.

"काय खाल्लंस? कुठली गोळी घेतलीस?"

"भाकर खाल्ली. गोळी न्हाई घेतली. न्हाई गेले आज, पडून हाय." मग म्हणाली, "बाया लावत्यात. हितपातूर आवाज येतुया त्येंच्या हसण्याचा."

एवढंच ऐकायला मी वर्षभर तिच्याशी भांडले होते. आता ऐकलं, तर नुसती डोळे पुसत बसले.

"आगं," पलीकडून आई म्हणाली, "बोल की कायतरी."