भाकरीच्या दुरडीखालचं गुपित

“हळू बोला डॉक्टर, हळू! माझं आपरेशन गुपित हाय!”

मामांची ही गर्जना तपासणीच्या खोलीतून निघाली ती बाहेर बाकावरच्या अकरा पेशंटांना, खालच्या औषधांच्या दुकानाला आणि माझ्या अंदाजाने कृष्णेपलीकडच्या सांगलवाडीलाही ऐकू गेली. डॉक्टर बिचारे कुजबुजतच होते. पण माझ्या मामांच्या अंगात साखरेशिवाय आजवर काहीही टिकलेलं नाही. राग टिकत नाही, नवा चष्मा टिकत नाही, आणि गुपित तर चुलीवरच्या दुधाइतकाही वेळ थांबत नाही. तोफखान्यात वीस वर्षं काढल्याने कान निम्मे गेले, त्याची भरपाई म्हणून देवाने आवाज दुप्पट करून दिला. साताऱ्याकडे, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्यांचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भोंग्याला गेली दहा वर्षं वीजच जोडलेली नाही असं म्हणतात. मामा नुसते भोंग्याशेजारी उभे राहतात.

आणि त्या भोंग्याशेजारून ते काय काय सांगतात! नळाला पाणी कधी येणार हे सांगता सांगता गावातली दुखणीही जाहीर करून टाकतात. उपसरपंचांना मूळव्याध झाली तेव्हा सगळ्या आळ्यांनी ऐकलं, “उपसरपंचांचं आपरेशन सुखरूप झालंय. भेटाया जानाऱ्यांनी सवताला बसाया पाट न्यावा. त्येस्नी बसायचा आग्रह करू नये, ते बसनार न्हाईत!” उपसरपंच पुढे वर्षभर देवळाला मागच्या दाराने जात होते. मामांच्या मनात वाईट काही नसतं. दुसऱ्याचं दुखणं चार माणसांना कळलं की ते हलकं होतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

आणि मग दुखणं त्यांच्याच दारात आलं. साखरेने नको त्या जागची कातडी सुजली, चिरली, आवळून बसली, लघवीला जायचं म्हटलं की मामा बांधाकडे तोंड करून दातओठ खायला लागले. आठ महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या आयुष्यातलं टिकलेलं हे एकमेव गुपित. शेवटी मामीनेच मला फोन केला, “आवं, तुमच्या मामास्नी सांगलीला न्या. साताऱ्याला नगं म्हनत्यात. तिथला दर तिसरा कंपौंडर भावकीतला हाय.”

तर डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, “तेवढी कातडी काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे.”

मामांनी कान पुढे केला. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी... सुंता?” मामांनी आयुष्यात हळू उच्चारलेला हा पहिला शब्द.

“हो. धर्मासाठी करतात ती आणि ही, काम तेच. तुम्हाला फक्त साठ वर्षं उशीर झालाय.”

“पन डॉक्टर, आमच्या देवाच्या पालखीचा फुडला दांडा माझ्या खांद्यावर असतोय. ह्ये असलं केल्यावर चालंल का?”

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “तीन आठवडे वजन उचलू नका.”

एवढ्या मोठ्या धर्मप्रश्नाचा इतका झटपट निकाल मी दुसरीकडे कुठे लागलेला पाहिला नाही. देवाची परवानगी मिळाली. पण मामांना देवाची भीती नव्हतीच. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि म्हणाले, “भाच्या, जगाला कळू दे, पन त्या मुलाण्याला कळता कामा नये.”

हे मुलाणी चाचा म्हणजे मामांच्याच गावचे, एकाच भरतीत शिरलेले, एकाच तोफेवर वीस वर्षं उभे राहिलेले. राजस्थानच्या वाळूत कुठेतरी पाण्याच्या टाकीखाली सगळी पलटण उघडीवाघडी आंघोळ करत असताना मामा ओरडले होते, “मुलाण्या, तुझ्या पेनाचं टोपन कुठं हरवलं रं?” पलटण हसली, वाळू हसली, उंट हसले. आणि मामांना तो विनोद इतका आवडला की त्यांनी तो चाळीस वर्षं वापरला. चाचांच्या लग्नात वापरला. चाचा हजला जाऊन आले तेव्हा एसटी स्टँडवर हार घालता घालता वापरला. “सापडलं का टोपन?” ही त्यांची रामराम घालायची पद्धतच झाली. चाचा कधी रागावले नाहीत, कधी हसलेही नाहीत. तंबाखू मळत बसायचे. आता तेच टोपण मामांचंही हरवणार होतं, आणि चाळीस वर्षांचं उट्टं एका वाक्यात निघणार होतं.

म्हणून मामांनी फौजी डावपेच रचला. शत्रूला एक खोटी बातमी दिली तर तो ओळखतो, तीन दिल्या तर गोंधळतो. त्याप्रमाणे त्यांनी भावकीला सांगितलं हर्निया, डेअरीवर सांगितलं मुतखडा आणि तालमीतल्या मंडळींना सांगितलं मोतीबिंदू. प्रत्येकाला शपथ घातली की हे दुसऱ्याला सांगायचं नाही. आमच्याकडे अशी शपथ घातली की माणूस आधी चप्पल घालतो आणि मग सांगायला निघतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामांनी नर्सबाईंना गोळाबारीचे तीन किस्से सांगितले, आणि प्रत्येक किश्श्याला त्यांचा रक्तदाब दहाने चढला. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा हात असा आवळला की अंगठी अजून चौकोनी आहे. “तोफंचा गोळा लांबनं येतो रं भाच्या,” ते म्हणाले, “ह्ये लय जवळनं हाय.” ओठ पांढरे पडले होते. मी पहिल्यांदाच बघितलं की हा माणूस घाबरू शकतो. आत भूल कमरेखालीच दिली होती. अर्ध्या तासाने आतून आरोळी आली, “व्हऊ द्या सुरू!” आणि डॉक्टरांचं उत्तर आलं, “संपलं.”

त्यांना आमच्या घरी आणलं. आता अडचण अशी की त्या जागेला लुंगीचा स्पर्शही सोसत नव्हता, चादर अंगावर टाकली की मामा सांगलीभर ओरडत. सोबत आलेल्या मामीने स्वयंपाकघरातून माझ्या बायकोची भाकरीची दुरडी आणली, मोक्याच्या जागी पालथी ठेवली आणि तिच्यावरून चादर अंथरली. मामांच्या मधोमध एक गोल डोंगर तयार झाला. बायकोने त्या दुरडीकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. आमच्याकडे आता भाकरी स्टीलच्या डब्यात असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात माणसं कोंबून आणणाऱ्या दोन वडाप जीपा थांबल्या. आमच्याकडे पेशंटला बघायला जाणं हे गावकीचं काम. न जाणारा पुढे स्वतः आजारी पडायची हिंमत करत नाही. तेवीस माणसं उतरली. भावकीने हर्नियाचा पट्टा आणला होता, चुलत आजोबांच्या अंगावरचा, वापरलेला. डेअरीवाल्यांनी किटली भरून कुळथाचं कढण आणलं होतं. तालमीवाल्यांनी काळा चष्मा आणला आणि आल्या आल्या मामांच्या डोळ्यांवर चढवलासुद्धा. मग तिन्ही टोळ्यांची तोंडं एकमेकांकडे वळली.

“ह्यो चश्मा कशापायी?”

“मोतीबिंदू न्हवं का झालाय?”

“मोतीबिंदू? मुतखडा हाय त्यो!”

“आरं गप! हर्निया हाय. बघ की डोळ्यानं!” भावकीतल्या थोरल्याने चादरीतल्या डोंगराकडे बोट दाखवलं. सगळे पुढे वाकले. “लय मोठा निघाला म्हनायचा,” कुणीतरी हळहळलं.

एकाने चादरीचा कोपरा धरला. काळ्या चष्म्याखालून मामांच्या कपाळाचा घाम ओघळायला लागला. आणि नेमके त्याच वेळी दुसऱ्या जीपमधून सावकाश उतरलेले मुलाणी चाचा दारात आले.

चाचांनी चादर पाहिली, दुरडीचा उंचवटा पाहिला, खुंटीवरची लुंगी पाहिली. चार मुलांच्या आणि सात नातवांच्या सुंता बघितलेल्या माणसाला अजून काय बघायला लागतं? मामांनी चष्म्याआड डोळे मिटले. कुणीतरी म्हणालं, “मुलाणी, तुमी दोस्त त्येंचं. काय झालंय त्ये तुमीच सांगा.”

चाचांनी तंबाखूची डबी खिशात ठेवली. “तिन्ही झाल्यात,” ते म्हणाले. “फौजी मानसाचं एका भुलंत तिन्ही करत्यात. चादर सोड गड्या, टाकं हैत.”

तेवीस माणसांनी समाधानाने मान डोलावली. मिलिटरीवाल्यांची सोय लय भारी, असं ठरलं. चहा झाला, आणि मंडळी आलोच आहोत तर म्हणून घाटावर गणपतीला गेली. चाचाही त्यांच्याबरोबर बाहेर पडले, पण अर्ध्या तासात एकटेच परत आले. पिशवीतून त्यांनी झेंडूचा हार काढला, पेढ्यांचा पुडा काढला, कोरी लुंगी काढली. “आमच्यात पोराला हार घालत्यात, नवं कापड करत्यात,” एवढंच म्हणाले आणि त्रेसष्ट वर्षांच्या मामांच्या गळ्यात हार घातला. पेढा भरवताना साखरेची आठवण झाली, म्हणून अर्धा स्वतः खाल्ला.

मामांचा चष्मा घसरला होता. “म्हन की आता,” ते म्हणाले. “म्हन. चाळीस वर्सं हैत तुझी.”

“हसू नगंस,” चाचा म्हणाले, “टाकं तानत्यात.” आणि लुंगी चिमटीत धरून कसं चालायचं ते त्यांनी मामांना आमच्या हॉलमध्ये चार फेऱ्या मारून दाखवलं.

यंदा पालखीचा पुढचा दांडा मामांच्याच खांद्यावर होता. पण एक बदल झालाय. चाचा समोर आले की मामा नुसता हात वर करतात. टोपणाचं नाव नाही. दोघं पाराच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी तंबाखू मळत बसतात आणि तासभर कुणी काही बोलत नाही. गावाला वाटतं त्यांचं कशावरून तरी बिनसलंय. मी सुट्टीला गेलो की मलाही चुकल्यासारखं होतं. ती आरोळी ऐकल्याशिवाय गावात पोचल्यासारखंच वाटत नाही.

परवा चाचा एकटे भेटले तेव्हा मी विचारलं, “चाचा, चाळीस वर्षांनी हातात आलेली संधी. एकदा तरी चिडवायचं की मामांना. का नाही चिडवलं?”

त्यांनी तंबाखूतला चुना झटकला.

“भ्याला हुता त्यो.”