आमच्या साडूंची बॅटिंग

आमच्या साडूंनी ज्याचा सत्कार केला नाही असा माणूस अकोले तालुक्यात आता शोधून सापडायचा नाही, आणि गेल्या चार वर्षांत त्यांनी चीनमध्येही फारसं कुणाला मोकळं सोडलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. गडी मूळचा अकोल्याच्या डोंगराकडचा, भातशेतीतला. गणित शिकवायला कॉलेजात लागला आणि उरलेल्या वेळात हार घालू लागला. एकदा मुक्कामी एसटी वेळेवर आली म्हणून दाजींनी स्टँडवरच ड्रायव्हर-कंडक्टरचा सत्कार केला. भाषण जरा लांबलं आणि ती गाडी पुढच्या गावाला पाऊण तास उशिरा पोचली. दुसऱ्या खेपेस खांबावर चढलेल्या वायरमनला त्यांनी खाली उतरवून घेतलं, कारण टॉवेल-टोपी वर पोचत नव्हती. वायरमन बिचारा हार सांभाळत उभा, दाजी वीज आणि समाज या विषयावर बोलतायत, आणि अख्खी आळी अंधारात टाळ्या वाजवतेय. भंडारदऱ्याचा रस्ता विचारायला थांबलेल्या एका पुण्याच्या कुटुंबाला तर त्यांनी लांबून आल्याबद्दल नारळ दिला. त्या लोकांनी घाबरून गाडीच्या काचा वर केल्या आणि आल्या वाटेनं माघारी गेले. दाजींना मात्र वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की शाल द्यायची राहून गेली.

या सगळ्यात त्यांचं एक काम राहून गेलं होतं. दाजींना क्रिकेटचं वेड. तालुक्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा त्यांनीच सुरू केल्या. मैदानावर फक्की मारणं, माईक लावणं, सरबताची बादली, स्कोअरची वही, सगळं दाजी. नाव फक्त खेळणाऱ्यांत कधी नाही. बॅट हातात घेतली की नेमकी प्रमुख पाहुण्यांची जीप यायची, आणि दाजी बॅट शेजारच्याला देऊन हार उचलायचे. एकदा तर ते क्रीजपर्यंत पोचले होते. तेवढ्यात सरपंचांचे व्याही आले. अशी तीस वर्षं गेली. हजारो माणसांच्या धावा त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात वहीत मांडल्या, स्वतः मात्र एकही चेंडू खेळले नाहीत. मी एकदा चिडवलं तेव्हा हसले आणि विषय बदलला. दाजी विषय बदलतात तेव्हा समजावं की तिथं दुखतंय.

छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं ते चीनमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेले. तिथं साठी झाली की परदेशी शिक्षकाची नोकरी संपते. म्हणजे गेला मे महिना हा त्यांचा तिथला शेवटचा. आम्ही दोघं नवरा-बायको नेवाशाहून त्यांच्याकडे सुट्टीला निघालो तेव्हा फोन आला, "पाव्हनं, येताना कपडे कमी आना. पंचवीस टॉवेल आन् पंचवीस टोप्या आना." मी जन्मभर शाळामास्तर; टापटिपीचा माणूस. त्या टॉवेलांपायी मी दोन सदऱ्यांवर चीन पाहिला.

एक मेला चीनमध्ये कामगारांची मोठी सुट्टी असते. दाजींचं मत असं की ती महाराष्ट्र दिनाचीच सुट्टी आहे आणि तिथल्या सरकारनं ती समजून-उमजून दिलेली आहे. त्या सुट्टीचाही एक मासला आहे. दिलेले दिवस आधीच्या रविवारी शाळा भरवून वसूल करून घेतात. दाजी म्हणाले, "आपल्या संस्थेच्या चेअरमनला हे कळू देऊ नका." तर त्या सुट्टीत दाजींच्या शाळेतल्या परदेशी शिक्षकांची टीम दुसऱ्या शहरातल्या शिक्षकांच्या टीमशी क्रिकेट खेळायला जाणार होती. दाजी कॅप्टन! अकरावा खेळाडू मिळेना म्हणून त्यांनी विज्ञान शिकवणाऱ्या ली मॅडमना घेतलं होतं. या ली मॅडम तिथल्याच, पन्नाशीच्या, हसऱ्या, आणि क्रिकेट त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. स्कोअरची वही या वेळी माझ्याकडे आली. "आता तुमी लिवा," दाजी म्हणाले, "मी खेळनार हाय."

हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला भरून आलं.

बाणासारख्या सुटणाऱ्या तिथल्या बुलेट ट्रेनमधून आम्ही अडीच तासांत पोचलो. निघताना स्टेशनात सामान तपासायच्या यंत्रातून दाजींचा नारळ तीनदा फिरवून काढला गेला, आणि तपासणाऱ्या बाईंना दाजींनी जाता जाता एक टोपी दिली. मैदान फुटबॉलचं होतं, मधे मॅट अंथरलेली. ते चार वाजेपर्यंतच आपलं होतं. चार वाजता रखवालदार कुलूप लावणार. आता दुपारचे दोन वाजलेले, दहा-दहा ओव्हरची मॅच ठरलेली, म्हणजे लगेच टॉस करायला हवा होता. पण दाजींनी आधी नारळ फोडला. मग समोरच्या अकरा जणांचे सत्कार. मग पंचांचा. मग रखवालदाराचा, स्टेशनावरून आम्हाला घेऊन आलेल्या बसच्या ड्रायव्हरचा, आणि बाजूला पतंग उडवत असलेल्या दोन म्हाताऱ्यांचा. दाजींचं भाषण इंग्रजीत, ली मॅडमचं भाषांतर चिनीत, आणि महाराष्ट्र दिन असल्यामुळे आभार मराठीत. तासभर असा गेला. ली मॅडम माझ्याजवळ येऊन उत्सुकतेनं विचारू लागल्या, "आपण जिंकतोय का?" त्यांना वाटलं, क्रिकेट म्हणतात ते हेच.

शेवटी पंच कळवळले आणि मॅच सहा-सहा ओव्हरची झाली. समोरच्यांनी आधी खेळून बासष्ट धावा केल्या. मग दाजींनी आपल्या फलंदाजीची यादी माझ्या हातात दिली. ती वाचून मी कपाळाला हात लावला. ती बॅटिंगची यादी नव्हती, लग्नातली पंगत होती. पहिल्या पाटावर ली मॅडम, कारण पाहुण्या. त्यांच्यासोबत दक्षिण आफ्रिकेचा एक धिप्पाड मास्तर, कारण तो सगळ्यांत लांबून आलेला. मग वयानं मोठे, मग नव्यानं नोकरीला लागलेले, मग ज्यांचं मागच्या वेळी राहिलं होतं ते. आणि अगदी शेवटी, अकराव्या जागी, यजमान.

माझा तोल सुटला. "दाजी, जुलैत तुम्ही परत येणार. सहा ओव्हरींत अकराव्या माणसाला कोण बॅटिंग देणार आहे? आणि ली मॅडम पाहुण्या कशा? देश त्यांचा आहे!"

"देश त्यांचा, पर खेळ आपला हाय ना? खेळात त्या पाव्हन्याच की." दाजी पॅड बांधता बांधता म्हणाले, "घरच्यानं आदी ताटावर बसू न्हाई, पाव्हनं. आपल्यात तसं न्हाई करत कुनी." या माणसाला काय बोलावं? मी यादी वहीत उतरवून घेतली, पण आतून फार चिडलो होतो.

त्यानंतरचा अर्धा तास मी जे केलं ते कुठल्याही स्कोअररला शोभणारं नाही. आपलीच माणसं लवकर बाद व्हावीत म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होतो. ली मॅडमनी डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू कडेला लागून सीमापार गेला, आणि त्यांनी समोरच्या टीमलाही वाकून नमस्कार केला. पुढच्या चेंडूवर त्या बाद झाल्या. मग आमची माणसं पटापट पडू लागली आणि मला बरं वाटू लागलं. आडवा येणारा एकच होता, तो आफ्रिकेचा मास्तर. तो पठ्ठ्या हटेना. त्यानं षटकार मारला की आमची टीम नाचायची आणि मी त्याच्याकडे रागानं बघायचो, कारण तो जेवढे चेंडू खाणार तेवढे दाजींचे कमी होणार. शेवटची ओव्हर सुरू झाली तेव्हा सात जण बाद झाले होते. जिंकायची आशा केव्हाच संपली होती. आठवा गेला. पतंगवाले म्हातारेसुद्धा आता उभे राहिले होते. चौथ्या चेंडूवर एक जण उगाच पळाला आणि धावबाद झाला. मी वही टाकून टाळ्या पिटल्या. समोरचा स्कोअरर माझ्याकडे बघतच राहिला.

दाजी उठले. दोन चेंडू उरले होते.

ते चालत गेले तसं मी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं. हातात हार नव्हता, म्हणून तो मोकळा हात त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. उन्हामुळे समोरच्या अकराही जणांनी दाजींनीच दिलेल्या पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या, त्यामुळे फील्डिंग लागली होती ती एखाद्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेसारखी. दाजींनी मॅटला हात लावून कपाळाला लावला. बॉलरला नमस्कार केला. बॉलर गोंधळला, त्यानंही टोपी सारखी करून नमस्कार केला. मग तो धावत आला. चेंडू सरळ होता, अगदी साधा. दाजींनी बॅट उचलली, आणि ती खाली येईपर्यंत मधली दांडी उखडून पडली होती.

तीस वर्षं, आणि एक चेंडू! दाजी त्या पडलेल्या दांडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बॅट वर उचलली, शतक झाल्यावर उचलतात तशी, आणि चारी बाजूंना वळून दाखवली. आधी ली मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. दाजी तसेच घामाघूम माझ्यापाशी आले आणि वहीत डोकावले.

"लिवलं का? पूर्न नाव लिवा. वडलांच्या नावासकट."

मी पूर्ण नाव लिहिलं. पुढे आकडा लिहायचा होता. खरं सांगतो, मी शाळेत पोरांना भरपूर शून्यं दिली, हात कधी अडखळला नाही. त्या दिवशी अडखळला. मैत्रीची मॅच, हरलेली. एक धाव इकडची तिकडे झाली तर कुणाचं काय जाणार होतं? मी पेन टेकवून एकचा दांडा ओढू लागलो. दाजींनी माझं मनगट धरलं.

"शून्य लिवा, पाव्हनं," ते म्हणाले. "माझं हाय ते."

मी शून्य लिहिलं. चांगलं गोल, नीट लिहिलं.

परतीच्या गाडीत दाजींनी पॅड काढलेच नाहीत. लोक बघत होते, तरी पाय लांब करून ते खिडकीशी बसले. वही मागून घेतली आणि आपल्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "वडील असते तर रागावले असते. म्हनले असते, एवड्या लांब गेला आन् शून्य काडून आला?"

मी हसलो. तेही हसले.

"पर वही हातात घेतली असती त्यांनी," दाजी म्हणाले. "नाव वाचलं असतं."